हात लावा, मग बोला : यात्रेत शेतीचे प्रदर्शन कसे मांडावे



चैत्र-वैशाख हे यात्रा-जत्रांचे दिवस. रब्बीचा माल घरात आलेला असतो, मृगाला अजून अवकाश असतो, आणि लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात. अशा वेळी ग्रामपंचायत, तरुण मंडळ किंवा महिला बचत गट यांच्या मनात येते की यंदा कुस्त्यांबरोबर शेतीचेही एक छोटे प्रदर्शन मांडावे. विचार चांगला आहे. मात्र ते मांडायचे कसे, याचा विचार सहसा होत नाही. म्हणून या आठवड्यात त्याविषयीच बोलू.

नेहमीचे प्रदर्शन तुम्ही पाहिले आहे. मांडव घातलेला, कडेने तक्ते टांगलेले, टेबलावर मोठा भोपळा, लांबलचक दुधी, आणि त्यापुढे पाटी : 'हात लावू नये'. माणसे एका दाराने आत येतात आणि चालत्या पावलांनी दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. हातात मिळालेल्या पत्रकाची फुटाण्यांसाठी पुडी होते. यात लोकांचा दोष नाही. शेतकऱ्याचे शिकणे कायम हातातून झालेले आहे. वापसा आला की नाही हे आपण मूठभर माती दाबून ठरवतो. ज्वारी वाळली का, हे दाणा दाताखाली धरून कळते. गाय आजारी आहे हे तिच्या कानाला हात लावून समजते. ज्यांचा हात इतका जाणता, त्यांना आपण हात मागे घ्यायला सांगतो आणि तक्ते वाचायला लावतो.

त्यातही ज्यांना वाचता येत नाही ते मांडवात मागेच राहतात. खुरपणी, वेचणी, बी टोकणे आणि साठवणे ही कामे करणाऱ्या आपल्या आया-बहिणी त्यांतच पुष्कळ आहेत. म्हणजे जिच्या हाती बियाण्याची कणगी, तिच्यापर्यंतच बियाण्याची माहिती पोचत नाही. पेरणी फसली तर नुकसान मात्र साऱ्या घराचे होते.

गुरे पाळणारा शास्त्रज्ञ

हात लावून शिकण्याची प्रदर्शने जगात नावारूपाला आणणाऱ्यांपैकी एक होते फ्रँक ओपनहायमर. अणुबॉम्बच्या कामाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. तेही पदार्थविज्ञानाचे शास्त्रज्ञ. अमेरिकेतील त्या काळच्या राजकीय चौकशांमुळे १९४९ साली त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी कोलोरॅडो राज्यातील पगोसा स्प्रिंग्ज या गावाजवळ गुरे पाळली, शेती केली. त्याच गावच्या शाळेत ते शिकवू लागले तेव्हा मुलांना भंगारात नेत, आणि टाकून दिलेल्या यंत्रांचे भाग हाताळायला देऊन यंत्र कसे चालते ते समजावीत. पुढे १९६९ साली त्यांनी सॅन फ्रान्सिस्को शहरात 'एक्सप्लोरेटोरियम' हे संग्रहालय उघडले. तेथे वस्तू फिरवायची, ओढायची, ऐकायची आणि आपले आपण शोधायचे. वस्तू बनवण्याचा कारखानाही लोकांना दिसेल असा संग्रहालयातच ठेवलेला. समजावून सांगायला शाळकरी मुले-मुली.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक संग्रहालयाने १९६५ सालापासून बसमधून फिरते विज्ञान प्रदर्शन खेड्यांकडे नेले. मुंबईत वरळीला नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली पूर्णपणे सुरू झाले. तेथे गेलेल्या मुलाला विचारा. तक्त्यावरचे काहीही आठवणार नाही, पण स्वतः फिरवलेले चाक नक्की आठवेल.

आपल्याला एवढे मोठे काही करायचे नाही. गावातल्या वस्तूंत चार मांडण्या करू. चारही अशा की त्यांतून येत्या खरिपात एखादा निर्णय घेता यावा.

पहिली मांडणी : माती मळून पाहा

तीन घमेली ठेवा. एकात ओढ्याकाठची रेताड माती, दुसऱ्यात पोयट्याची, तिसऱ्यात काळी चिकण. माती वाळवून, ढेकळे फोडून, चाळून घ्या. शेजारी पाण्याचा तांब्या आणि हात धुवायला बादली. घमेल्यांवर नावे लिहू नका.

येणाऱ्याने मूठभर माती घ्यावी, थेंब थेंब पाणी घालून भाकरीच्या पिठासारखी मळावी आणि लिंबाएवढा गोळा करावा. मग तो गोळा अंगठा आणि पहिले बोट यांच्यात दाबत पुढे सरकवावा. म्हणजे मातीची पट्टी निघू लागते. ती कुठवर टिकते ते पाहायचे. गोळाच होत नसेल, हाताला खरखर लागत असेल, तर माती रेताड. पट्टी एका इंचाच्या आत तुटली तर मध्यम. दोन इंचांपुढे गेली आणि बोटांना चिकटून राहिली तर भारी चिकण. मापासाठी फळीवर एक आणि दोन इंचांवर खिळे ठोकून ठेवा. वाचता येत नसले तरी खिळा दिसतो. न दिसणाऱ्यालाही तो बोटाने कळतो.

या मांडणीवर बायकांना पुढे बोलवा. रोज पीठ मळणारा हात येथे पुरुषांच्या हातापेक्षा लवकर ओळखतो. मी हे अनेक ठिकाणी पाहिले आहे. सासूबाईंनी गोळा केला की सून पुढे येते, आणि मग मागे उभी असलेली पुरुषमंडळीही बाह्या सावरतात.

यातून निर्णय कोणता? भारी माती पाणी पुष्कळ धरून ठेवते, म्हणून दोन पाळ्यांत अंतर जास्त लागते. शिवाय ती ओली असताना औत घातले तर ढेकळे बसतात. रेताड मातीला थोडे पाणी, पण लवकर लवकर द्यावे लागते. लोकांना आधीच सांगून ठेवा की येताना आपापल्या रानाची मूठभर माती पुडीत आणावी. शेवटी ज्याने त्याने आपलीच माती मळावी.

दुसरी मांडणी : झारीचा पाऊस

पंधरा किलोचे तेलाचे तीन रिकामे डबे आडवे ठेवून वरची बाजू कापून घ्या. कडा हातोडीने आत वळवा, नाहीतर मुलांची बोटे कापतील. प्रत्येकाच्या एका टोकाला लहान पन्हळ काढा. तिन्हींत एकाच रानाची माती सारखी भरा. पहिल्यात उघडी माती राहू द्या. दुसऱ्यात मातीवर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरा. तिसऱ्यात बांधावरची हरळी मुळांसकट काढून लावा. तिन्ही डब्यांच्या मागच्या बाजूला एकेक वीट देऊन सारखा उतार करा. पन्हळीखाली तीन काचेचे पेले.

येणाऱ्याच्या हातात झारी द्या, पण पाणी घालण्याआधी पैज लावा : 'गढूळ पाणी कुठे जास्त येईल?' तीन डब्यांपुढे तीन मडकी ठेवा. ज्याला जो डबा वाटेल त्याच्या मडक्यात त्याने एक चिंचोका टाकावा. पैज लावलेला माणूस उत्तर पाहिल्याशिवाय हलत नाही. मग प्रत्येक डब्यावर सारख्या उंचीवरून तेवढेच पाणी घालावे. उघड्या मातीचा पेला गढूळ पाण्याने लवकर भरतो. पाचटाखालून पाणी उशिरा, कमी आणि निवळ येते. हरळीचेही तसेच.

येथे आणखी एक गंमत करा. मुलाला तळहात पसरायला सांगा, आणि झारी आधी गुडघ्याएवढ्या उंचीवरून व मग डोक्यावरून धरा. थेंबाचा मार त्याला हातावरच कळेल. मग तळहातावर पळसाचे पान ठेवून पुन्हा धरा. पाचट काय करते ते सांगायला नको. उघड्या रानात हाच मार मातीचे कण फोडतो, बारीक कणांनी छिद्रे बुजतात, आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते.

पेल्यातला गाळ खाली बसला की तो बोटांवर चोळून पाहा. मैद्यासारखा मऊ लागेल. रानातली ओल आणि खत धरून ठेवणारा भाग तोच, आणि वाहून जातो तोही तोच.

आता वजनाकडे या. एका एकरावरून मातीचा फक्त एक मिलिमीटर थर गेला, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जाडीहूनही कमी, तर ती माती भरते सुमारे पाच टन. हा आकडा नुसता सांगितला तर कानाआड जाईल. म्हणून वीस किलो मातीने भरलेले घमेले ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते उचलायला लावा. उचलल्यावर सांगा, 'अशी अडीचशे घमेली.' एवढी माती परत बांधावर चढवायला किती रोज लागतील, हा हिशेब माणूस तिथेच उभ्या उभ्या करतो.

तिसरी मांडणी : आपले बी आपण मोजा

२०२० सालच्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात ठिकठिकाणाहून आल्या. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. बियाणे, मजुरी आणि हंगामाचे दिवस असे तिहेरी नुकसान. ते सगळे टळले असते असे मी म्हणणार नाही, पण गोणपाटाच्या तुकड्यावर उगवण पाहून घेतली असती तर बी खराब होते की पेरणी चुकली, एवढे तरी आधी कळले असते.

या मांडणीची अडचण अशी की प्रदर्शन एका दिवसाचे, आणि सोयाबीनची उगवण पाहायला लागतात आठ दिवस. म्हणून काम यात्रेच्या आठ दिवस आधी सुरू करा. बचत गटाच्या बायकांनी किंवा शाळेतल्या मुलांनी घरोघर जाऊन, पेरणीसाठी ठेवलेल्या सोयाबीनचे न निवडता शंभर दाणे आणावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत ते मांडावेत, वर दुसरा ओला तुकडा घालावा, गुंडाळी करून सैल बांधावी आणि घरधन्याच्या नावाची चिठ्ठी लावावी. सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे. गोणपाट ओलसर असावे, त्यातून पाणी निथळता कामा नये.

यात्रेच्या दिवशी ज्याची गुंडाळी त्यानेच उघडायची, आणि त्याच्या घरातल्या माणसांनी मोजायची. मोड आणि मूळ दोन्ही धड असलेलेच रोप धरायचे. कुजलेले, मोडके, नुसते फुगलेले दाणे बाजूला काढायचे. शंभरात सत्तर किंवा अधिक निघाली तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो बी पुरेल. साठच निघाली तर त्याच हिशेबाने ३५ किलो लागेल. त्याहून बरीच कमी निघाली तर ते बी पेरण्याऐवजी विकून दुसरे शोधावे. मृगाआधी हे कळले तर हातात वेळ असतो.

शेजारी वाटीत रात्रभर भिजवलेले सोयाबीन ठेवा. नखाने साल काढून पाहायला सांगा. किती पातळ साल, आणि तिच्या अगदी खाली मुळाचा अंकुर. पोते उंचावरून आदळले तर काय होत असेल, ते ज्याचे त्याला उमगते. हमालाला 'पोते आपटू नको' असे दहादा सांगण्यापेक्षा हे एक साल काढणे पुष्कळ.

कोकणात आणि मावळात हीच मांडणी भातावर करा. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी सोडायचे. पोकळ दाणे तरंगतात, भरलेले तळाशी बसतात. तळाचे बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. बाजरीच्या भागात अरगट रोगासाठी मिठाचे प्रमाण दहा लिटरला दोन किलो. पाण्यावर आलेले बी येणाऱ्याने स्वतःच्या हाताने दाबून पाहावे, म्हणजे ते फेकताना जीव हळहळणार नाही.

चौथी मांडणी : फवारा कुठे जातो?

ही मांडणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणी करणाऱ्याच्या अंगात विष जास्त करून कातडीवाटे जाते, हे आपण कितीदा सांगतो. तरीही 'मला आजवर काही झालं नाही' हे उत्तर ठरलेले असते, कारण अंगावर पडलेले औषध डोळ्यांना दिसत नाही. ते दिसेल असे करायचे.

औषधाला कधीही न लागलेला, अगदी नवा कोरा पंप घ्या. वापरलेला पंप धुऊनसुद्धा घेऊ नका. त्यात साधे पाणी आणि जिलेबीत घालतात तो खाण्याचा लाल रंग. मोकळ्या जागेत पऱ्हाट्या दोन ओळींत छातीएवढ्या उंच उभ्या करा आणि त्यांना थोडा हिरवा पाला बांधा. एखाद्या गड्याला जुना पांढरा सदरा-लेंगा द्या आणि सांगा, 'रोज रानात मारता तसंच मारा.' पंधरा-वीस पावले गेला की थांबवा.

मग सगळ्यांनी त्याच्याभोवती फिरून पाहावे. मांड्या लाल, पोटऱ्या लाल, बोटे लाल, आणि पंप गळत असेल तर पाठही लाल. नळी पुढे धरून तो आपल्याच फवाऱ्यात चालत गेलेला असतो. आता त्याला घाम पुसायला पांढरा रुमाल द्या. रुमालावर जे उमटते ते पाहून मांडवातली बोलणी थांबतात. त्याच बोटांनी तंबाखू मळायची, त्याच हाताने भाकरी खायची, आणि तेच कपडे घरी बायकोने धुवायचे, हे सगळे त्या एका रुमालात येते.

यानंतर दुसऱ्या गड्याने तीच ओळ मारावी, पण वारा पाठीशी घेऊन, नळी बाजूला धरून, हातमोजे आणि तोंडावर पट्टी घालून, पुढून प्लास्टिकचा कागद बांधून. मग दोघांचे कपडे एका दोरीवर शेजारी शेजारी वाळत घाला आणि दिवसभर तसेच राहू द्या. त्याहून चांगला तक्ता कोणत्या छापखान्यात निघणार?

मांडताना एवढे सांभाळा

एका मांडणीत एकच गोष्ट शिकवायची. तुलना करायची तर बाकी सगळे सारखे ठेवून एकच फरक करायचा. तीन डब्यांत तीन रानांची माती भरली तर फरक पाचटाचा की मातीचा, हे कोणीही विचारील, आणि त्याचे विचारणे बरोबर असेल.

आधी प्रश्न, मग हात, शेवटी चार शब्द. उत्तराची पाटी सुरुवातीला लावली की हात लावायची गरजच संपते.

मांडण्या जमिनीवर किंवा बुटक्या बाकावर ठेवा, म्हणजे लहान मुले आणि बसून पाहणारी म्हातारी माणसे दोघांनाही पोचता येते. दुपारचा एक वेळ बायकांसाठी राखून ठेवा. पुरुषांची गर्दी असली की त्या हात पुढे करीत नाहीत.

दिवसभर शेकडो हात लागणार, तेव्हा पेले फुटतील, माती संपेल, गोणपाट फाटेल. प्रत्येक वस्तू जादा ठेवा. सायंकाळी मोडतोड झालेली दिसली तर वाईट वाटू देऊ नका, ती लोकांनी वापरल्याची खूण आहे. न वापरलेली मांडणी जशीच्या तशी राहते.

औषध लावलेले रंगीत बी, खताची किंवा औषधाची बाटली, मग ती रिकामी का असेना, या मांडवात आणू नका. येथे मुलांना 'हात लावा' म्हणायचे आहे.

प्रत्येक मांडणीपाशी आठवी-नववीची दोन मुले-मुली उभी करा. त्यांना उत्तर सांगायला शिकवू नका, विचारायला शिकवा. 'आजी, हाताला कशी लागतेय? तुमच्या रानातली अशीच आहे का?' एवढे पुरे. आजी मग पाऊण तास सांगत बसतील, आणि मुलाने कोणत्याही पुस्तकात न वाचलेले चार शब्द त्याच्या पदरात पडतील. प्रदर्शनात शिकणारे एकाच बाजूला असतात असे थोडेच आहे!

खर्चाचे म्हणाल तर डबे, घमेली, मडकी, गोणपाट, पऱ्हाट्या हे सारे गावातच आहे. विकत घ्यायचे ते रंग, मीठ आणि पेले. नवा पंप एखाद्या दुकानदाराकडून दिवसापुरता मागून आणा, पाण्याखेरीज त्यात काही जाणार नाही असे सांगून. तुमच्या गावचे सहायक कृषी अधिकारी आणि शाळेतले गुरुजी मदतीला येतील.

यात्रा संपल्यावर तीन डबे आणि झारी शाळेला देऊन टाका. पहिला वळीव पडेल त्या दिवशी मुले ते खऱ्या पावसात ठेवतील आणि पेल्यात काय आले ते घरी येऊन सांगतील. तुमच्या यात्रेत यातली एखादी मांडणी केली तर ती कशी झाली, कोणी काय विचारले, ते या पानाच्या पत्त्यावर जरूर कळवा.

पुढच्या आठवड्यात उन्हाळी नांगरट कधी करावी आणि कोणत्या रानात करू नये, याविषयी बोलू.

— तुमचा विस्तार अधिकारी